बेट कुठलं, हे नंतर ठरवू

पत्राचा गोषवारा: ठाण्यातल्या एका वाचक बाईंचं हे पत्र. वय 57. शाळेच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी सहा वर्षं सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण काढलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. यजमान मागच्या वर्षी निवृत्त झाले, मुलगा म्युनिकला नोकरी करतो. 2026 मध्ये लग्नाला तीस वर्षं होतात, म्हणून दोघांनी परदेशी जायचं ठरवलं आणि पैसेही बाजूला काढले. बाईंना ग्रीसमधल्या एखाद्या शांत बेटावर दहा दिवस काही न करता राहायचं आहे. यजमानांनी टूर कंपनीचं सात रात्रींचं पॅकेज पाहून ठेवलं आहे: अथेन्स, मिकोनोस, सॅन्टोरिनी. ‘एवढे पैसे घालून नुसतं बसायचं, तर अलिबाग काय वाईट?’ असं त्यांचं म्हणणं. त्यात नणंद आणि त्यांचे यजमान ‘आम्हीही येतो’ म्हणताहेत. बाई शाकाहारी आहेत, गुडघे दुखतात, टूरशिवाय परदेशी कधी गेलेल्या नाहीत. त्या विचारतात, ‘मी हट्ट करतेय का? आणि हट्टच करायचा, तर कुठल्या बेटासाठी करू?’

ताई,

तुमच्या पत्रात बेट कसं हवं ते जेमतेम दोन ओळींत आलं आहे. काय नको, ते मात्र पानभर आहे. स्वयंपाक नको, औषधांच्या वेळा नकोत, दारावरची बेल नको, बसमध्ये माणसं मोजणारा गाइड नको. ज्या बाईने सहा वर्षं रात्री-अपरात्री उठून दुसऱ्याची कूस बदलून दिली, तिला दहा दिवस काहीच करायचं नसेल तर त्याला हट्ट म्हणत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण हे उत्तर यजमानांच्या तोंडावर फेकू नका. त्यांच्या ‘नुसतं बसायचं?’ या प्रश्नात मला निव्वळ हौस किंवा चिकटपणा दिसत नाही.

ते मागच्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे नुसतं बसणं सध्या त्यांना घरातच भरपूर मिळतंय. सकाळचा पेपर संपल्यापासून संध्याकाळी फिरायला जाईपर्यंतचा वेळ कसा जातो, ते एकदा त्यांना विचारा. तुम्हाला जी सुटका वाटते, तिचीच त्यांना धास्ती वाटत असेल. शिवाय गेली ती त्यांची आई. त्या सहा वर्षांत तुमचे हात कामात होते. ते ऑफिसला जात होते आणि घरी आल्यावर बाजूच्या खोलीत काय चाललंय ते ऐकत होते. रिकाम्या दुपारी यातलं काय काय वर येतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं असण्याची शक्यता कमी. टूर कंपनीचा कागद त्यांना आवडतो, कारण त्यात सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येक तासापुढे काहीतरी लिहिलेलं असतं.

आणि तुमच्याही एका गृहीताकडे बघू या. तुम्ही लिहिता, ‘तिथे गेले की मन शांत होईल.’ पहिले दोन दिवस तुम्ही झोपाल, ते उत्तमच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र काळजी घ्यायची सवय लागलेले हात काम शोधायला लागतात. उगाच रडू येतं, किंवा नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा तीनदा तपासला जातो. तसं झालं तर ‘पैसे वाया गेले, आपल्याला सुख भोगताच येत नाही’ असं म्हणू नका. त्यासाठीच मुक्काम लांब ठेवायचा. पाचव्या दिवसापर्यंत तिथेच असाल, तर ते उतरायलाही वेळ मिळतो.

अलिबागच्या टोमण्यावर चिडू नका. उलट तो शब्दशः घ्या. दोन रात्री गुहागरला किंवा दिवेआगरला जाऊन या, पण आठवड्याच्या मधल्या वारी, घरगुती सोय बघून, आणि काहीही ‘करायचं’ न ठरवता. देवळं नकोत, किल्ला नको, ‘आलोच आहोत तर’ म्हणून हरिहरेश्वरही नको. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तुम्ही दोघं काय करताय, ते लक्षात ठेवा. यजमान गाडीची किल्ली शोधत असतील किंवा तुम्हालाच कंटाळा आला असेल, तर एवढं शिक्षण काही हजारांत झालं. आणि दोघंही ओसरीवर पुस्तक तोंडावर ठेवून घोरत असाल, तर पुढची चर्चा निम्मी झाली असं समजा.

आता ग्रीस.

‘शांत बेट’ म्हणून कायमस्वरूपी शांत असं काही तिथे फारसं नसतं. असतो तो शांत महिना. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 ऑगस्टच्या आसपास, मेरीमातेच्या मोठ्या सणाला ग्रीक लोक स्वतःच बेटांवर आपापल्या गावी परततात. तेव्हा जिथे एरवी कुत्रं भुंकलं तरी गावभर ऐकू येतं, तिथेही खोली मिळत नाही. उलट नोव्हेंबर ते मार्च इतकी शांतता असते की खानावळीही बंद. मधले दोन तुकडे आपल्या कामाचे: मेचा मध्य ते जूनचा मध्य, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मेमध्ये डोंगर हिरवे असतात, फुलं असतात, पण पाणी गार. सप्टेंबरमध्ये डोंगर वाळलेले, पण उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो, आणि अंजिरं-द्राक्षं बाजारात असतात. दिवाळीच्या सुट्टीत ‘ऑफ सीझनला स्वस्त’ म्हणून लहान बेटावर जाणाऱ्यांना तिथे बंद खिडक्याच बघाव्या लागतात. त्यांनी अथेन्स किंवा क्रीटसारखं मोठं बेट गाठावं.

तुमच्यासाठी मी सप्टेंबर धरते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने गणपती उशिरा आहेत, 14 सप्टेंबरला. घरच्या गौरी-गणपतीचं विसर्जन करून 20-21 तारखेला निघता येतं. 27 पासून पितृपंधरवडा आहे. सासूबाईंची तिथी कधी येते आणि यजमानांना श्राद्धाला घरी असायचंय का, हे तिकिटं काढण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तर त्या एका प्रश्नावर सगळी सहल अडकेल.

सॅन्टोरिनीला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ज्वालामुखीच्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला, आणि उरलेल्या उभ्या कड्याच्या काठावर गावं वसली. तो कडा खरोखरच बघण्यासारखा आहे. पण तिथे कायम राहणारी माणसं पंधरा हजारांच्या आसपास, आणि क्रूझ जहाजांतून एका दिवसात उतरणाऱ्यांवर 2025 पासून 8,000 ची मर्यादा घालावी लागली आहे. हॉटेलात राहणारे त्याशिवायचे. सप्टेंबरअखेरही ही जहाजं चालू असतात. सात रात्रींत तीन ठिकाणं म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी बॅगा भरणं, बंदर गाठणं, बोटीची वाट बघणं, आणि दुपारी तीनपर्यंत खोली मिळत नाही म्हणून स्वागतकक्षात ताटकळणं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सुट्टीतला सगळ्यात थकवणारा भाग हाच असतो, चालणं नव्हे.

म्हणून बेट निवडण्याआधी किती रात्री एका जागी झोपायचं ते ठरवा. तुम्ही म्हणता तसे दहा-अकरा दिवस असतील, तर दोनच ठिकाणं आणि अथेन्सची पहिली-शेवटची रात्र. याहून जास्त काही कुणी सुचवलं तर हसून मान हलवा आणि सोडून द्या.

माझी सूचना अशी: चार-पाच रात्री स्खिनूसा, मग चार रात्री नाक्सोस.

नाक्सोस हे एजियन समुद्रातल्या सायक्लेड्स या बेटसमूहातलं सगळ्यात मोठं बेट. वस्ती वीस हजारांच्या आसपास, बंदराला लागून चांगलं मोठं गाव, दुकानं, बस, आणि मुख्य म्हणजे रुग्णालय. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला लहान बेटांचा पुंजका आहे: इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया, दोनूसा. कूफोनिसियाचं पाणी सगळ्यात सुंदर म्हणतात, म्हणूनच तिथे गर्दी वाढली. इराक्लिया आणि दोनूसा चालणाऱ्यांची. स्खिनूसा आठ-नऊ चौरस किलोमीटरचं, दोन-अडीचशे वस्तीचं, ठेंगण्या टेकड्यांचं बेट. गाव मध्यावर उंचावर आणि बंदर खाली. चढ आहे, पण खोली देणारे बहुतेक लोक स्वतःची गाडी घेऊन बंदरावर घ्यायला येतात. खोली ठरवताना हे विचारून घ्याच, आणि खोली तळमजल्यावर मागा. किनारे गावातून चालत जाण्याजोगे आहेत. उतरताना सोपं, परत येताना चढ. त्यामुळे सकाळी लवकर जाऊन ऊन तापायच्या आत परतायचं, किंवा संध्याकाळीच जायचं. कोकणातल्या माणसाला चुकल्यासारखं वाटेल अशी एक गोष्ट: एजियन समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, पाणी दिवसभर जिथल्या तिथे. पोहता येत नसलं तरी कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभं राहता येतं, आणि पाण्यात गुडघ्यांवर भारही कमी येतो. मात्र अशा बेटांवर किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. आणि लांबच्या, आडबाजूच्या किनाऱ्यांवर काही लोक विवस्त्र पोहतात. आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे यजमान अवघडणार नाहीत.

आधी लहान बेट आणि मग मोठं, हा क्रम उलटा करू नका. एजियनमध्ये उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो, सप्टेंबरमध्ये कमी होतो, पण जातोच असं नाही, आणि पुढे शरदातली वादळंही असतात. वारा ठरावीक जोरापुढे गेला की बंदर प्राधिकरण बोटी थांबवतं. वेगवान कॅटमरान आधी थांबतात, मोठ्या संथ बोटी नंतर. तुम्ही लहान बेटावर शेवटी असाल आणि बोट रद्द झाली, तर मुंबईचं विमान चुकेल. सुरुवातीला असाल, तर फार तर नाक्सोसची एक रात्र कमी होईल. त्याच कारणाने शेवटची रात्र अथेन्समध्येच काढायची. बेटावरून सकाळी निघून त्याच रात्रीचं विमान पकडण्याचं धाडस पंचविशीतल्या मुलांनी करावं.

जायचं कसं ते पाहू. विमानतळावरून अथेन्सच्या पिरिअस बंदरापर्यंत 2022 पासून थेट मेट्रो आहे, तासाभराचा प्रवास. बेटांकडे जाणाऱ्या बऱ्याच बोटी सकाळी सात-साडेसातला सुटतात, म्हणून पहिली रात्र पिरिअसमध्येच राहिलेली सोयीची. मोठी बोट नाक्सोसला पाच-साडेपाच तासांत पोचते. आठवड्यातून काही वार ती पुढे लहान बेटांनाही जाते, त्या वारी गेलात तर बोट बदलावी लागत नाही. नाहीतर नाक्सोसहून ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट आहे. नावात एक्सप्रेस असली तरी वेगात नाही. पण या बेटांचं दूध, टपाल, गवंडी, पाहुणे सगळं तिच्यावर चालतं, आणि इथल्या माणसांचा तिच्यावर फार जीव आहे. बोट लागण्याचा त्रास असेल, तर कॅटमरान टाळा आणि मोठ्या बोटीच्या उघड्या डेकवर बसा. आणखी एक, शरदातलं वेळापत्रक उशिरा जाहीर होतं. एप्रिलमध्ये सप्टेंबरची बोट दिसली नाही म्हणून ‘बोटच नाही’ असा निष्कर्ष यजमानांना काढू देऊ नका.

मग यजमानांनी करायचं काय? नाक्सोसचे चार दिवस मुख्यतः त्यांचे असू द्या. बंदरात शिरतानाच पोर्तारा दिसते, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. सांग्री गावाजवळ डेमेटर या धान्यदेवतेचं मंदिर आहे. अपोलोनासच्या जुन्या खाणीत सुमारे दहा मीटर लांबीचा एक पुतळा अर्धवट कोरून सोडलेला आहे, तो अजून तिथेच आडवा पडलाय. आपेराथोस हे डोंगरातलं गाव, तिथले रस्तेसुद्धा संगमरवराचे. बसने जाता येतं. गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर ठाण्यातूनच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. स्कूटर आणि चारचाकी ‘क्वॉड’ मात्र अजिबात नको. वळणाचा घाट, रेती आणि उजव्या बाजूने चालणारी वाहतूक एकत्र आली की साठीतल्या भारतीय माणसाला ते झेपत नाही, मग तो देशात कितीही सराईत असो.

आणि सॅन्टोरिनी? हंगामात नाक्सोसहून एका दिवसात जाऊन येता येतं, तशा सहलीही निघतात. यजमानांना फारच ओढ असेल तर त्यांनी एक दिवस जावं. तुम्ही जाऊ नका. नवरा-बायकोने सुट्टीतला प्रत्येक तास एकत्र घालवायचा असतो, हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही, पण तीस वर्षांच्या लग्नाला एका दिवसाने काही होत नाही. ते संध्याकाळी फोटो दाखवतील, तुम्ही मनापासून बघाल.

जेवणाची तुम्ही जितकी काळजी केली आहे तितकी करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात उपासाचे दिवस वर्षातून जवळपास निम्मे असतात, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी चालत नाहीत. त्यामुळे भाज्या-कडधान्यांचा स्वयंपाक तिथे घरोघरी मुरलेला आहे. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. स्खिनूसावर ही डाळ पिकते, तिथे ती मागाच. गिगांदेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. येमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेल्या मिरच्या-टोमॅटो, पण यात कधी खिमाही असतो. म्हणून ‘होरिस क्रेआस’, मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. शिवाय हिरव्या शेंगांची फासोलाकिया, भाजलेल्या मिश्र भाज्यांचं ब्रियाम, रानभाज्यांचं होर्ता, पालक भरलेली खारी पेस्ट्री. एक सावधगिरी: उपासाचं म्हणून जे ‘नीस्तीसिमो’ पदार्थ मिळतात, त्यांत कोळंबी किंवा ऑक्टोपस चालतो. आपल्या उपासाचा अर्थ मनात धरून डोळे मिटून खाऊ नका. कडधान्यांचीच हौस असणाऱ्या वाचकांना सिफनोस सुचवेन. तिथे चणे मातीच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी खातात.

खोली निवडताना छोटं स्वयंपाकघर असलेले ‘स्टुडिओ’ स्वस्त दिसतील. तुम्ही घेऊ नका. गॅस दिसला की चौथ्या दिवशी तुम्ही पोहे कराल, मी लिहून देते. चहापुरती किटली आणि घरची चहापूड पुरे, आणि तो चहा यजमानांनी करायचा. हे निघण्याआधीच ठरवा.

बाकी बारीकसारीक. बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचे नळ अरुंद असतात, संडासात कागदही टाकू देत नाहीत, बाजूच्या डब्यात टाकायचा. जेट स्प्रे मिळणार नाही, प्लास्टिकचा तांब्या न्या. लहान बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई असते, पिण्याचं पाणी बाटलीचंच. रोख युरो जवळ ठेवा. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही कायद्याने शांततेची वेळ असते, गावं खरोखर झोपतात. त्या वेळात बसची वाट बघत बसू नका. मठात जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत, तुमच्या सलवार-कमीजला तिथे कुणी हटकणार नाही. हॉटेलच्या बिलाशिवाय एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीमागे दर रात्री वेगळा सरकारी कर असतो, हॉटेलच्या ताऱ्यांनुसार 2 ते 15 युरो. तो तिथे गेल्यावर मागतात, फसवणूक नव्हे.

औषधं मात्र गांभीर्याने घ्या. लहान बेटावर एक छोटा दवाखाना असतो. मोठं काही झालं तर बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवतात, आणि वारा असेल तर तेही लांबतं. दोघांपैकी कुणाला हृदयाचा त्रास असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा साखर वरखाली होत असेल, तर स्खिनूसा विसरा आणि नऊही रात्री नाक्सोसच्या एखाद्या किनारी गावात काढा. सप्टेंबरअखेर तिथेही पुरेशी शांतता मिळते, आणि अशा वाचकांना मी तेच सांगेन. आणीबाणीचा क्रमांक 112. औषधं पंधरा दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत.

ज्यांच्याकडे जेमतेम पाच-सहा दिवस आहेत, त्यांनी सायक्लेड्सच्या फंदातच पडू नये. अथेन्सजवळच्या सारोनिक आखातात पिस्त्यांसाठी प्रसिद्ध एजिना आहे, पाइनच्या झाडीतलं अगिस्त्री आहे. हायड्रावर मोटारींना बंदी आहे, सामान गाढवावरून जातं. पण हायड्रा पायऱ्यांचं गाव आहे, आणि दिवसा अथेन्सहून आलेल्यांची गर्दी असते. संध्याकाळची बोट गेली की ते खरं दिसतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असा, लागेल, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, कधी पंचेचाळीस दिवसही लागतात. खरा उशीर अपॉइंटमेंट मिळण्यात होतो, म्हणून गणपतीच्या तयारीपर्यंत थांबू नका. शुल्क माणशी 90 युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा. मुलाकडे म्युनिकला जायचं असेल, तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. पण खरं सांगू? या खेपेला म्युनिक नको. मुलाच्या घरी गेलात की तुम्ही त्याचा फ्रीज भरणार, आणि दहा दिवसांची विश्रांती दोन दिवसांत संपणार. त्यालाच दोन-तीन दिवस नाक्सोसला बोलवा, जर्मनीहून ग्रीस जवळ आहे.

राहिल्या नणंदबाई. त्यांच्या येण्याला थेट नाही म्हणणं अवघड आहे, आणि त्यांचंही काही चुकलेलं नाही. आजारपणात त्यांनी काय केलं, काय नाही, याचा हिशेब तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसतो. तो हिशेब या सहलीत मिटवायचा नाही. त्यांना यायचंच असेल तर नाक्सोसच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी येऊ देत, वेगळ्या हॉटेलात, स्वतःची तिकिटं स्वतः काढून, तिथून एकत्र अथेन्स आणि घरी. हे तुम्ही सांगू नका. भावाने बहिणीला सांगायचं: ‘ताई, पहिले पाच दिवस आम्ही दोघंच आहोत, मग नाक्सोसला भेटू.’ याहून जास्त कारणं देऊ नयेत, कारणं दिली की त्यांवर तोडगे निघतात. यजमान हे वाक्य बहिणीला फोनवर सांगायला तयार झाले, तर स्खिनूसाची खोली त्याच संध्याकाळी, रद्द करता येईल अशा अटीवर, नोंदवून टाका. तयार नसतील तर आधी गुहागरला जाऊन या, आणि फोनचं पुन्हा तिथे काढा.